अफूचा अंमल

मराठींत ‘अंमल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक राज्यसत्ता, दुसरा नशा. आपल्याकडील अफूचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणीं येऊन मिळतात.

माळव्याची अफू शिंदे-होळकरांच्या मुलखांत पिके. बंगालप्रमाणें तेथें मक्ता बसविणें कंपनीस साधलें नाहीं. माल दमणमार्गें निसटूं लागला. तेव्हां १८३० च्या सुमारास कंपनीनें मुंबईची वाट मोकळी करून दर पेटीस परवाना-कर बसविला. १८३५ त हा कर १२५ रुपये होता. १८४३ त सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली, आणि १८४७ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. चीनकडे जाणाऱ्या या पेट्यांनीं मुंबईचे व्यापारी गबर झाले. सर जमशेटजी जिजीभाईंच्या दानानें १८४५ त उभ्या राहिलेल्या रुग्णालयाच्या मुळाशींहि या व्यापाराचा पैसा होता.

इंग्लंडांत ओरड झाल्यामुळें १८९३ त लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालीं रॉयल कमिशन नेमलें गेलें. माफक अफूसेवन फारसें अपायकारक नाहीं व बंदीनें तिजोरीस खोट येईल, असा त्याच्या १८९५ च्या अहवालाचा आशय होता. सभासद हेन्री विल्सन यांनीं तेवढी भिन्नमतपत्रिका जोडली. पुढें १९२० नंतरच्या काळांत मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया तान्ह्या मुलांस अफूची ‘बाळागोळी’ देऊन निजवितात, ही गोष्ट चव्हाट्यावर आली. त्या बायांस नशेची हौस नव्हती. मूल सांभाळावयास घरीं कोणी नव्हतें.

स्वराज्यांत पारडें फिरलें. वालूरसारखीं परभणी जिल्ह्यांतील गांवें १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यानें १८७८ चा ब्रिटिश अफू-कायदा तेथें चालत नव्हता. १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा मात्र सर्वांस सारखाच लागू झाला. त्यांतील कडक शिक्षांच्या व परवान्यांच्या धाकानें कित्येक दवाखान्यांनीं मॉर्फीन ठेवणेंच सोडलें, आणि कर्करोगानें तळमळणारा निरपराध रोगी वेदनाशमनास मुकला. २०१४ च्या दुरुस्तीनें हा जाच कांहींसा कमी केला.

एका काळीं धोरण तिजोरीकडे पाहून ठरलें, दुसऱ्या काळीं तुरुंगाकडे पाहून. रोग्याच्या खाटेकडे पाहण्याचें दोन्ही वेळां राहून गेलें. उपचारास आपण होऊन तयार झालेल्या व्यसनी मनुष्यास लहान गुन्ह्यांत खटल्यापासून सूट देणारें कलम आजच्या कायद्यांत आहे. परंतु तें कागदावर असून भागत नाहीं. वालूरच्या मनुष्यास त्याचा उपयोग व्हावयाचा तर उपचाराची सोय त्याच्या तालुक्यांत हवी.