वारणाकाठचा संगणक

संगणक खेड्यात पोहोचला की गरिबी मागे हटेल, असा विश्वास विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरच्या विकासतज्ज्ञांत दृढ झाला होता. भारतात या विश्वासाची एक आरंभीची परीक्षा कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवर, वारणा खोऱ्यात झाली. या धाग्यात तिची हकिकत.

१९९८ मध्ये केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणानगरचा सहकारी समूह यांनी मिळून ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेतला. खर्चाचे वाटे अनुक्रमे ५०, ४० आणि १० टक्के. तांत्रिक जबाबदारी एनआयसी या केंद्रीय संस्थेकडे. गावे सुमारे ७०. पीकसल्ला, बाजारभाव, जमिनीचे दाखले, शिक्षण असे सारेच एका पडद्यावर आणण्याचा संकल्प होता.

वारणाच का? तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला साखर कारखाना आणि त्याभोवतीच्या सहकारी संस्था येथे दशकानुदशके रुजल्या होत्या. सभासदांची नोंद होती, खाती होती, गावोगाव विश्वास होता. संगणकाला आयती चौकट मिळाली आणि त्याचे कार्यक्षेत्रही तिनेच आखून दिले.

कारण प्रत्यक्षात हे संगणक मुख्यतः उसाच्या हिशेबासाठीच वापरले गेले. ही बाब क्षुल्लक मानू नये. तोडणी लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटते, उतारा घसरतो. आपली पाळी केव्हा, वजन किती भरले, खताची किती रक्कम खात्यावर पडली, हे गावातच कळले तर कारखान्याच्या कचेरीचा हेलपाटा वाचतो. ज्याची शेती उसावर उभी आहे, त्याच्यासाठी ही माहिती म्हणजे पैसाच.

मात्र एवढ्यासाठी संगणक हवाच होता का? काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूतील संशोधकांनी ७ गावांत तीच माहिती साध्या मोबाइलच्या एसएमएसवर देऊन पाहिली. काम भागले, तेही कमी खर्चात. प्रयोगाचे नाव ‘वारणा अनवायर्ड’! (नामकरण करणाऱ्यास दाद द्यावी.) त्यांच्यापैकी केंटारो तोयामा यांनी पुढे २०१५ च्या आपल्या पुस्तकात मांडले की, तंत्रज्ञान मुळात असलेल्या क्षमतेलाच बळ देते, नसलेली क्षमता निर्माण करत नाही.

मग गरिबीचे काय? माझ्या मते या प्रकल्पाचे मूल्यमापन येथेच अडते. पडद्यावर नाव उमटे ते ऊस घालणाऱ्याचे. ज्याला जमीनच नाही, त्याने तेथे कोणता आकडा पाहायचा? पश्चिम महाराष्ट्राच्या फडांत दर हंगामाला बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून मजूर येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मजुरी टनावर ठरते. सभासदाला तोडणीची तारीख एसएमएसने कळू लागली, त्या काळातही ती तोड करणाऱ्या जोडप्याच्या उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीतच राहिला.