स्वादुपिंडाचे दहा गुण

पोटाच्या वरच्या भागात उठलेली कळ पाठीत गेली, की आमच्या शहापूर-मुरबाडकडे आधी ‘गॅस झाला’ म्हणतात. स्वादुपिंडाचे नाव उशिरा निघते. पित्ताशयातील खडे किंवा दारू ही या दाहाची दोन मोठी कारणे. बहुतेक रुग्ण आठवड्याभरात बरे होतात. काहींचे स्वादुपिंड सडते. हे ‘काही’ कोण, ते आधी ओळखायचे कसे?

न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक जॉन रॅन्सन यांनी १९७४ मध्ये अकरा निकष मांडले. पाच दाखल होताना पाहायचे, उरलेले सहा ४८ तासांत. तोवर १९७१ मध्ये हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र निघाले होते. पुढे पोटही दिसू लागले. रॅन्सन यांच्याच विद्यापीठातील एमिल बाल्थझार यांनी १९८५ मध्ये सूज आणि भोवती साचलेले द्रव पाहून ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच श्रेणी केल्या. १९९० मध्ये त्यांनी मृत पेशींची भर घातली. शिरेतून औषध दिल्यावर जिवंत भाग उजळतो, मेलेला काळसर राहतो. श्रेणीला ० ते ४ गुण, मृत भागाला ० ते ६, एकूण दहा. त्यांच्या ८८ रुग्णांत ० ते ३ गुणांच्या गटात मृत्यू ३ टक्के होते, तर ७ ते १० गुणांच्या गटात १७ टक्के.

आकडा देखणा आहे, पण त्यात एक मेख आहे, आणि माझ्या मते सगळा इतिहास तिथेच अडतो. पेशींचा मृत्यू पहिल्या दिवशी चित्रात नीट उतरत नाही. त्याला साधारण तीन दिवस लागतात. म्हणजे पहिल्या दिवशीचे ‘२ गुण’ खोटा दिलासा देऊ शकतात. २०१२ मध्ये बोलेन व सहकाऱ्यांनी दाखल होतानाच्या सीटी गुणांची साध्या वैद्यकीय गुणांशी तुलना केली. सीटी सरस ठरला नाही.

भातसा-तानसाचे पाणी आमच्याकडून मुंबईला जाते, अवघड रुग्णही बहुधा त्याच दिशेने. मुरबाडला रेल्वे नाही. गाडी कल्याणच्या रस्त्याने. म्हणून मला २००८ मधील ‘बायसॅप’ महत्त्वाचा वाटतो: रक्तातील युरिया, शुद्ध, वय साठीपुढे आहे का, नाडी-श्वास-ताप-पांढऱ्या पेशी आणि छातीत पाणी. तीन किंवा अधिक गुण आले, की धोका वाढलेला. यासाठी रक्ताची तपासणी, छातीचा एक्स-रे आणि रुग्णाकडे नीट पाहणारा डॉक्टर लागतो. हे सारे रुग्णवाहिका निघण्याआधी होऊ शकते.