रेवदंडा आणि कोर्लई : तटबंदीच्या आतले नगर, डोंगराखालची बोली

अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १८ कि.मी. अंतरावर, कुंडलिका नदीच्या मुखाशी रेवदंडा हे गाव वसले आहे. मुरूडकडे जाणारा रस्ता येथील किल्ल्याच्या तटातूनच जातो. आपण एका जुन्या ख्रिस्ती नगरातून चाललो आहोत, याची जाणीव मात्र फार थोड्या प्रवाशांना असते.

पोर्तुगीजांनी १५१६ साली येथे वखार घातली आणि १५२१ मध्ये किल्ल्याचे बांधकाम हाती घेतले. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्या वाड्यांतच फ्रान्सिस्कन, दोमिनिकन आणि येशूसंघीय धर्मगुरूंच्या मठांचे व चर्चचे अवशेष विखुरले आहेत. संत बार्बराच्या नावाचा उंच मनोरा लोकांच्या तोंडी ‘सातखणी’ आहे. वरचे मजले कोसळले, नाव तेवढे पूर्ण उरले! वाड्या खाजगी मालकीच्या आहेत, म्हणून आत शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी.

पुलावरून खाडी ओलांडून साळावमार्गे कोर्लईला जाता येते. समुद्रात घुसलेल्या अरुंद डोंगरावरील येथील किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून जिंकला. दीपगृहाजवळून वर चढण्यास वाट आहे. माथ्यावर पडके प्रार्थनामंदिर व पाण्याचे टाके असून, तेथून एका बाजूस खाडी आणि दुसऱ्या बाजूस खुला समुद्र दिसतो.

बहुतेक पर्यटक येथूनच परततात. आमच्या मते कोर्लईचा खरा ठेवा डोंगराच्या पायथ्याशी आहे. १७३९ साली वसई पडली आणि १७४० मध्ये चौल-कोर्लईही मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज अधिकारी व सधन कुटुंबे निघून गेली. गरीब ख्रिस्ती कुटुंबे मागे राहिली. गोवा दूर, वसईही दूर. तरीही त्यांनी श्रद्धा जपली आणि तिच्यासोबत पोर्तुगीज व मराठी यांच्या संगमातून घडलेली आपली बोलीही जपली. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ साली संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणारे जेमतेम हजाराच्या घरात आहेत. शाळा मराठी, बाजार मराठी, आणि उपासनाही आता मराठीतच. मराठीतील मिस्सा ही आम्हा सर्वांना आनंदाची गोष्ट; परंतु या चिमुकल्या बोलीचा एक जुना आधार त्यामुळे सुटला, हेही नाकारता येत नाही. घरातील आईवडील मुलांशी कोणत्या भाषेत बोलतात, यावरच आता तिचे आयुष्य अवलंबून आहे.

म्हणून धर्मग्रामाची सहल नेणाऱ्यांना आमची सूचना आहे : शक्यतो रविवार निवडावा. कार्मेल मातेच्या चर्चमध्ये मिस्सेस उपस्थित राहावे आणि नंतर तेथील वडीलधाऱ्यांशी निवांत बोलावे. किल्ला दुपारनंतर, ऊन उतरल्यावर पाहावा.

वेळ उरल्यास मुरूडच्या वाटेवर फणसाड अभयारण्य आहे. जंजिऱ्याच्या नवाबाच्या शिकारीचे हे रान १९८६ साली अभयारण्य झाले. शेकरू दिसण्याची शक्यता सकाळी अधिक. पावसाळ्यात किल्ल्याची वाट निसरडी होते, तेव्हा वृद्धांना व लहान मुलांना वर नेऊ नये.