प्रवाळ मत्स्यालय

प्रवाळ मत्स्यालय म्हणजे जिवंत प्रवाळ आणि त्यांच्या सोबतीने राहणारे मासे व इतर सागरी जीव ज्यात पाळले जातात असे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय होय. प्रवाळांचा रंग हा त्यांच्या आरोग्याचा आणि पाण्याच्या रासायनिक स्थितीचा दृश्य निर्देशक मानला जातो. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या समुद्रकिनारा नसलेल्या भागात सागरी पाणी घरीच तयार करावे लागते. त्यामुळे तेथे मूळ पाण्याची गुणवत्ता निर्णायक ठरते. भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

== प्रवाळांचा रंग ==

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या ऊतींमध्ये झूझॅन्थेली नावाची सूक्ष्म सहजीवी शैवाले राहतात. ती प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेले अन्न प्रवाळाला पुरवतात आणि त्या बदल्यात त्यांना आसरा, कार्बन डायऑक्साइड व नत्रयुक्त पदार्थ मिळतात. या शैवालांचा रंग तपकिरी असतो. हिरवा, निळा, जांभळा, गुलाबी हे रंग मुख्यत्वे प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांमुळे येतात. त्यांपैकी काही प्रथिने निळ्या प्रकाशात चमकतात.

या दोन घटकांच्या प्रमाणावर प्रवाळाचे दिसणे अवलंबून असते. पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट वाढले किंवा प्रकाश अपुरा पडला, तर शैवालांची संख्या वाढून प्रवाळ तपकिरी दिसू लागतो. पोषकद्रव्ये जवळजवळ संपली, प्रकाश एकाएकी वाढला किंवा तापमान चढले, तर शैवाले कमी होतात व प्रवाळ फिकट पडतो. शैवाले मोठ्या प्रमाणावर निघून गेल्यास ऊतींमधून पांढरा सांगाडा दिसू लागतो. या अवस्थेस विरंजन म्हणतात. विरंजन झालेला प्रवाळ लगेच मरत नाही. मात्र परिस्थिती लवकर सुधारली नाही तर त्याची उपासमार होते.

== पाण्याचे रसायन ==

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. मत्स्यालयात साधारणपणे पुढील मर्यादा पाळल्या जातात:

* तापमान: २५ ते २७ अंश सेल्सिअस
* सामू: ८.० ते ८.४
* क्षारकता: ७ ते ९ जर्मन अंश
* कॅल्शियम: लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम
* मॅग्नेशियम: लिटरला १,२५० ते १,३५० मिलिग्रॅम
* नायट्रेट: लिटरला २ ते १० मिलिग्रॅम
* फॉस्फेट: लिटरला ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम

क्षारकता म्हणजे आम्ल उदासीन करण्याची पाण्याची क्षमता. कठीण प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतात. या प्रक्रियेत क्षारकता २.८ जर्मन अंशांनी घटते, तेव्हा कॅल्शियम लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम कमी होते. म्हणून क्षारकतेतील घट कॅल्शियमच्या घटीपेक्षा आधी लक्षात येते आणि तिची तपासणी अधिक वेळा केली जाते. मॅग्नेशियम कमी असल्यास कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातच साक्याच्या रूपाने बाहेर पडू लागते.

ही तूट भरून काढण्याची जुनी पद्धत चुन्याच्या निवळीची आहे. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात ढवळून, साका खाली बसू देऊन वरची निवळी थेंबाथेंबाने मत्स्यालयात सोडतात. तिचा सामू १२ पेक्षा अधिक असल्याने ती एकदम ओतणे घातक ठरते. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबून सामू उतरतो, म्हणून ती प्रायः रात्री देतात. पानासाठी वापरला जाणारा खाण्याचा चुना या कामी योग्य समजला जात नाही, कारण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. दुसऱ्या पद्धतीत कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट यांची द्रावणे वेगवेगळी दिली जातात. ती एकत्र मिसळल्यास साका तयार होतो.

== अहिल्यानगर जिल्ह्यातील पाणी ==

अहिल्यानगर जिल्हा दख्खनच्या पठारावर, बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात वसलेला आहे. विहिरी व कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट व सिलिका विरघळलेले असतात. बागायती शेतीच्या पट्ट्यात खतांमधील नत्र झिरपून भूजलातील नायट्रेट वाढते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जिल्ह्यात काही ठिकाणच्या भूजलात ही मर्यादा ओलांडली गेली आहे.

पिण्यास चालणारे पाणी प्रवाळांना चालेलच असे नाही. बाष्पीभवनात केवळ पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात. २०० लिटरच्या मत्स्यालयातून दररोज तीन लिटर पाणी उडाले आणि तेवढेच ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असलेले पाणी घातले, तर रोज १३५ मिलिग्रॅम नायट्रेट आत येते. महिन्याभरात ही वाढ लिटरला सुमारे २० मिलिग्रॅम होते. माशांचे खाद्य व विष्ठा यांचा भाग यात धरलेला नाही. अशा वेळी तपकिरी पडलेल्या प्रवाळांवर रंगवर्धक द्रावणांचा उपयोग होत नाही, कारण दोष भर घालण्याच्या पाण्यातच असतो. सिलिकामुळे काचेवर व वाळूवर डायटम शैवालांचा तपकिरी थर चढतो.

यावर उपाय म्हणून पाणी प्रथम कार्बन गाळणीतून, नंतर व्यस्त परासरण यंत्रातून आणि शेवटी आयन-विनिमय रेझिनमधून नेले जाते. त्यातील विद्राव्य घन पदार्थांचे मापन शून्याजवळ आल्यावरच त्यात सागरी क्षार मिसळतात. घरगुती आरओ यंत्रांपैकी अनेकांत चवीसाठी खनिजे मिसळण्याची किंवा काही कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय असते. असे पाणी या कामास अयोग्य असते. मृदुजल यंत्र कॅल्शियमच्या जागी सोडियम आणते, नायट्रेट मात्र तसेच राहते. तांब्याच्या हंड्यात साठवलेले पाणीही वर्ज्य मानले जाते, कारण तांबे अल्प प्रमाणातही प्रवाळांना व इतर अपृष्ठवंशी जीवांना विषारी असते.

उन्हाळ्यात जिल्ह्यातील कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. पृष्ठभागावर पंखा लावल्यास कोरड्या हवेत पाणी चांगले थंड होते. परंतु बाष्पीभवन वाढल्याने भरही अधिक घालावी लागते. पावसाळ्यातील दमट हवेत हा उपाय कमी पडतो व शीतक यंत्र लागते. वीज गेल्यास पाण्याचा प्रवाह थांबून प्राणवायू घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवला जातो.

== रंग सुधारण्याचा क्रम ==

रंग उतरल्यास प्रथम मोजमाप आणि नंतर बदल असा क्रम पाळला जातो. तापमान व क्षारांचे प्रमाण, त्यानंतर क्षारकता आणि शेवटी नायट्रेट व फॉस्फेट तपासतात. क्षारकतेत दिवसाला अर्ध्या ते एक जर्मन अंशाहून अधिक बदल टाळला जातो. पोषकद्रव्ये वाढलेली असल्यास खाद्य कमी करणे, थोडे थोडे पाणी बदलणे आणि सेंद्रिय पदार्थ फेसासोबत बाहेर काढणारे प्रोटीन स्किमर वापरणे हे उपाय आहेत. ती एकदम शून्यावर आणल्यास तपकिरी प्रवाळ फिकट पडून दगावू शकतो. एका वेळी एकच घटक बदलला, तरच परिणामाचे कारण कळते. रंगातील सुधारणा दिसण्यास कित्येक आठवडे लागतात.

== महाराष्ट्रातील नैसर्गिक प्रवाळ ==

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात नैसर्गिक प्रवाळ आढळतात. हा भाग १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. तेथे विरंजनाच्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर प्रवाळभित्ती आहे. मुंबईत सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली व वरळी येथील १८ प्रवाळ वसाहती कुलाब्याजवळ स्थलांतरित करण्यात आल्या. त्यासाठी वनविभागाची परवानगी आवश्यक होती.

== कायदेशीर स्थिती ==

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. भारतीय समुद्रातून ते काढणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा असून पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स परिशिष्टांतील प्रजातींसाठी अधिनियमात चौथी अनुसूची आली आणि अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. त्यामुळे मत्स्यालयातील प्रवाळाचा उगम आणि त्याची कागदपत्रे यांना पाण्याच्या गुणवत्तेइतकेच महत्त्व आहे.