तळटीप १४: गुरुत्व लहरी

औंढा नागनाथजवळच्या नियोजित लायगो-इंडिया वेधशाळेमुळे मराठवाड्यातल्या वाचकाचा येथे घोटाळा होईल. तिथे शोधायच्या गुरुत्वीय लहरी वेगळ्या. कृष्णविवरांच्या टकरीतून उठणाऱ्या. लेखक सांगतो ती हवेतली हालचाल. डोंगर किंवा गडगडाटी ढग हवेला वर ढकलतात, गुरुत्वाकर्षण खाली ओढते, आणि हे हेलकावे वर चढत जातात. सुमारे ८७ किमी उंचीवर हायड्रॉक्सिलचा, त्याहून दहाएक किमी वर ऑक्सिजनचा हिरवट मंद उजेड असतो. त्यात या हेलकाव्यांचे पट्टे उमटतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने ते टिपले आहेत. अर्थात निरभ्र, चांदणे नसलेल्या रात्रीच. छत्रपती संभाजीनगरचे दिवे मागे टाकून देवगिरीच्या पायथ्याशी अमावास्येला उभे राहिले, तरी या मंद उजेडामुळे आकाश निखळ काळे नसते, हे लेखकाचे म्हणणे खरेच आहे.