संदर्भसेवा, ऑनलाइन (वैद्यकीय महाविद्यालयीन ग्रंथालये, धाराशिव जिल्हा)

वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर, किंवा ते जिथे मिळेल ते साधन, ग्रंथपालाने इंटरनेटवरून पुरवणे म्हणजे ऑनलाइन संदर्भसेवा. ई-मेल, प्रश्नअर्ज व चॅट ही तिची रूढ रूपे. वैद्यकीय ग्रंथालये यात आघाडीवर होती. बाल्टिमोरच्या मेरिलंड विद्यापीठातील आरोग्यविज्ञान ग्रंथालयाने १९८४ मध्येच अशी सेवा सुरू केली. वापरसुलभतेसाठी आयएसओ ९२४१-११ या मानकातील परिणामकारकता, कार्यक्षमता व समाधान या कसोट्या सामान्यतः लावतात.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय जुने. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मधील, १०० प्रवेशक्षमतेचे. दोन्ही नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न आहेत.

शोधपद्धती : पबमेड (१९९६) १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुले आहे. त्यातील मेडलाइनचे लेख ‘मेश’ या नियंत्रित विषयशब्दावलीने वर्गीकृत असतात. ॲलोपॅथीच्या विद्यार्थ्याचे काम बहुधा पाठ्यपुस्तकातील संज्ञांवर भागते. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याची खरी अडचण इथेच सुरू होते. ज्या वनस्पतीला मराठीत गुळवेल म्हणतात, ती शोधलेखांत कुठे गुडूची, कुठे गिलोय, तर कुठे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया या नावाने येते. अश्वगंधेच्या रोमन लेखनात ‘व’साठी डब्ल्यू घ्यावा की व्ही, ‘श’मध्ये एच हवा की नको, यावर एकमत नाही. शास्त्रीय नाव व सर्व पर्याय ‘ऑर’ने जोडले नाहीत, तर काही लेख हातचे सुटतात. पडदा कितीही देखणा असला तरी ही जोडणी शिकवणारा ग्रंथपाल नसेल, तर त्या सेवेला सुलभ म्हणता येत नाही. आयुष मंत्रालयाचे संशोधन पोर्टल पूरक ठरते.

प्रवेशाधिकार : सारांश वाचता येतो, पूर्ण लेखावर मात्र कुलूप, हा नेहमीचा अनुभव. वर्गणी महाविद्यालयाच्या आयपी पत्त्याला बांधलेली असल्यास वसतिगृहातून किंवा ग्रामीण आरोग्य केंद्रावरून ती उपयोगी पडत नाही. त्यासाठी संस्थेच्या ओळखीने दूरस्थ लॉगिन लागते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा ‘अर्मेड’ हा वैद्यकीय क्षेत्रातील, ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेच्या (खाली पाहा) आधीचा सामूहिक वर्गणीचा उपक्रम होय.

चॅट : मनुष्यबळाअभावी लहान ग्रंथालयांत अवघड.

उत्तराची मर्यादा : ग्रंथपालाने पुरावा शोधून द्यावा की त्याचे मूल्यमापनही करावे, याबाबत मतभेद आहेत.

मराठी साधने : मराठी विश्वकोश इंटरनेटवर खुला असून त्यात वैद्यकावरील नोंदी आहेत.

‘एक राष्ट्र एक वर्गणी’ : केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी योजना मंजूर केली, तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके तिच्या कक्षेत येतात. समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे आहे. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात शासकीय संस्थांचा समावेश आहे. खासगी महाविद्यालयांचा नाही.