हजच्या वाटेवरचे कागद

‘रहदारी’ हा शब्द आज आपण रस्त्यावरच्या गर्दीसाठी वापरतो. बारामतीच्या भिगवण चौकात पोलीस शिट्टी फुंकतो तो रहदारीसाठीच. पण मराठ्यांच्या काळातले कागद वाचणाऱ्याला ‘राहदारी’ या शब्दाचा वेगळा अर्थ भेटतो. फारसीत ‘राह’ म्हणजे वाट. राहदारी म्हणजे त्या वाटेने जाण्याचा परवाना. तो जवळ असेल तर चौकीवर सोडत, नसेल तर अडवत. दस्तक, परवाना, राहदारी हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आले आणि इथलेच झाले. पासपोर्ट आणि व्हिसा ही त्यांचीच धाकटी भावंडे.

परदेशी जायचे तर कागद लागतो, हे आता शाळकरी मुलालाही माहीत आहे. पण तो का लागतो आणि कधीपासून लागू लागला, याचा विचार आपण सहसा करत नाही. बारामती-इंदापूरकडच्या साध्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जो एक परदेश प्रवास मनात धरला, तो म्हणजे हज. आखाती नोकऱ्या आणि अमेरिकेतली मुले फार पुढची गोष्ट. म्हणून हजच्या वाटेवर कोणते कागद आले आणि ते का आले, ते आज पाहू.

सुपे आणि इंदापूर हे परगणे निजामशाहीत भोसल्यांच्या जहागिरीत होते. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. त्या काळात इकडच्या कुणाला मक्केला जायचे झाले तर तो घाट उतरून चौलला किंवा दाभोळला जाई. तिथून तांबड्या समुद्राकडे गलबते सुटत. परंतु १४९८ मध्ये पोर्तुगीज आले आणि समुद्रालाही मालक झाला. १५०२ मध्ये वास्को द गामाने मलबारच्या किनाऱ्याजवळ हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज जाळले. त्यानंतर पोर्तुगिजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. जहाजाचे नाव काय, नाखवा कोण, माणसे किती, शस्त्रे कोणती, जाणार कुठे, हे सगळे त्यात लिहिलेले असे. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. निजामशहा असो, आदिलशहा असो की मोगल बादशहा, हा कागद सगळ्यांनाच घ्यावा लागे.

अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा एवढ्या मोठ्या बादशहाच्या घरच्या बायकांनाही पोर्तुगीज परवान्यासाठी सुरतेत दीर्घकाळ खोळंबावे लागले. १५७६ मध्ये त्यांचे जहाज सुटले. या कागदावरून दरबारात वादही झाला. कार्ताझवर येशू आणि मरियम यांची चित्रे असत. असा कागद घेऊन हजला जाणे धर्माला धरून आहे का, असे काही उलेमांनी विचारले. अशा स्थितीत हज बंधनकारकच नाही, इथपर्यंत मजल गेली. लोक मात्र जातच राहिले. वाद घालणारे घरी बसले आणि ज्यांना जायचे होते त्यांनी कागद घेतला, असेच म्हणावे लागेल.

पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकणच्या समुद्रात आपले दस्तक सुरू केले. आमच्या पाण्यातून जायचे तर आमचा परवाना घ्या, असे त्यांनी इंग्रजांनाही बजावले. इंग्रजांनी तो घेतला नाही आणि आंग्र्यांना चाचे ठरवले. पोर्तुगिजांनी मागितला तर कायदा आणि आंग्र्यांनी मागितला तर चाचेगिरी! कागद कोण मागतो यावर त्याचे नाव ठरते, हे तेव्हापासूनचे आहे.

इंग्रजी राज्य स्थिरावल्यावर समुद्राच्या मालकीचा प्रश्न मागे पडला आणि दोन नव्या भीती पुढे आल्या. एक रोगाची, दुसरी गरिबीची. १८६५ मध्ये मक्केत कॉलऱ्याची मोठी साथ आली आणि ती युरोपपर्यंत पोहोचली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. मुंबईहून जाणाऱ्या हाजींकडे सगळे जग संशयाने पाहू लागले. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी येमेनलगत कामरान नावाचे उजाड बेट आहे. १८८२ पासून तिथे यात्रेकरूंना उतरवून क्वारंटाइनमध्ये ठेवत. कपडे वाफेत घालत, माणसांची तपासणी करत, आणि मग जहाज जेद्दाहकडे सुटे. १८९७ मध्ये, पुण्यात प्लेगने कहर केला त्या वर्षी, मुंबई आणि कराची बंदरांतून हजची वाहतूकच बंद करण्यात आली. मागल्या वर्षी दुष्काळ, त्यावर प्लेग, आणि ज्याने आयुष्यभर पैसा पैसा साठवला त्याच्यासमोर बंदराचे दार बंद. तेव्हाच्या म्हाताऱ्यांना काय वाटले असेल, याची कल्पना आपल्याला २०२० मध्ये आली. त्या वर्षी सौदी अरेबियाने बाहेरच्या यात्रेकरूंना येऊ दिले नाही. तिथेच राहणाऱ्या सुमारे हजारभर लोकांनी हज केला. त्याच वर्षी आपल्या बारामती-इंदापूरच्या रस्त्याने जाणारी तुकोबांची पालखीही पायी निघाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. बेलवाडीचे रिंगण सुने राहिले. वारीला कधी पासपोर्ट लागत नाही, पण साथीने तिलाही थांबवले.

दुसरी भीती गरिबीची. हज ऐपत असलेल्यावरच बंधनकारक आहे. पण श्रद्धेला हिशोब कळत नाही. कित्येक जण जाण्यापुरते पैसे जमवून निघत आणि परतीच्या भाड्याविना जेद्दाहला अडकून पडत. इंग्रज सरकारच्या कागदपत्रांत त्यांना ‘कंगाल यात्रेकरू’ म्हटले आहे. सरकारची पंचाईत अशी की यात्रेवर बंदी घालावी तर धर्मात ढवळाढवळ होते आणि मोकळे सोडावे तर परत आणण्याचा खर्च अंगावर येतो. १८८२ पासून यात्रेकरूंना मोफत पासपोर्ट देण्याची व्यवस्था झाली. १८८६ मध्ये थॉमस कुक या प्रसिद्ध प्रवासी कंपनीला हजच्या वाहतुकीचे काम दिले, पण काही वर्षांतच ते आटोपले. अखेर १९२५ मध्ये कायदा करून परतीचे तिकीट किंवा तेवढी रक्कम आधी भरणे सक्तीचे केले. आज एखाद्या देशाचा व्हिसा मागताना परतीचे तिकीट आणि बँकेचा हिशोब दाखवावा लागतो. त्या अटीमागचे म्हणणे हेच आहे : तुम्ही या, पण आमच्या दारात अडकून राहू नका.

बारामतीहून छोट्या गाडीने दौंड, दौंडहून मोठ्या गाडीने मुंबई. इंदापूरकरांना भिगवण स्टेशन जवळचे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात मुक्काम, मग लस, कागद, शिक्के, आणि मोगल लाइनचे जहाज. ‘अकबर’, ‘नूरजहाँ’, ‘मोहम्मदी’ ही जहाजांची नावे आमच्या लहानपणी घराघरांत माहीत होती. निघण्याआधी हाजी गावभर फिरे. हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या उंबऱ्यावर उभे राहून ‘बोललंचाललं माफ करा’ म्हणे. परत येऊच याची खात्री नसे. ती माफी हाही एक परवानाच होता, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड. तो कोणत्याही कचेरीत मिळत नसे. १९९५ मध्ये समुद्रमार्ग बंद झाला आणि सगळा प्रवास विमानाने होऊ लागला.

स्वातंत्र्यानंतर तिसरी भीती आली, परकी चलनाची. सोन्याची तस्करी आणि रुपयाची गळती रोखण्यासाठी १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी १० आणि १०० रुपयांच्या खास नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘एचए’ अशी अक्षरे असत. त्या सौदी अरेबियात बदलून मिळत, इथल्या बाजारात चालत नसत. नेहमीच्या पासपोर्टाऐवजी हाजीला फक्त त्या प्रवासापुरता पिलग्रिम पास मिळे. २००९ पासून मात्र सौदी सरकारने आंतरराष्ट्रीय पासपोर्टच हवा असे ठरवले. इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग सोहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. तोपर्यंत पासपोर्ट देणे-न देणे ही सरकारची मर्जी होती. त्याच वर्षी पासपोर्टाचा नवा कायदा झाला.

कायद्याने मर्जी संपली, पण माणसाची परीक्षा संपली नाही. बी.ए. झालेला म्हणून आमच्या गल्लीतले फॉर्म वर्षानुवर्षे माझ्याकडे येतात. जन्मतारीख विचारली की आजी म्हणते, बाहत्तरच्या दुष्काळात माझं थोरलं पोर चालायला लागलं होतं, त्यावरून धरा. जे शाळेत गेले त्यांची तारीख गुरुजींनी १ जून लिहिलेली. निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी! मग नावाचा घोळ. आमच्याकडे मुलाणी, तांबोळी, आतार, बागवान, मणियार ही आडनावे कामावरून आली. गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार. एका कागदावर तो मुलाणी, दुसऱ्यावर शेख, तिसऱ्यावर नुसते बापाचे नाव. गावाला माणूस ठाऊक असतो, कचेरीला स्पेलिंग. एका चुकलेल्या अक्षरापायी एका म्हातारबांचे एक वर्ष गेले. त्या वयात एक वर्ष म्हणजे किती, हे फॉर्मच्या कोणत्याच रकान्यात लिहिता येत नाही.

बायकांची वाट आणखी अरुंद होती. सोबत महरम, म्हणजे नवरा, भाऊ, मुलगा असा जवळचा पुरुष असल्याशिवाय त्यांचा अर्जच होत नसे. विधवा, मुलगा नसलेल्या, एकट्या बायका पैसे असूनही मागे राहत. २०१८ च्या हजपासून ४५ वर्षांवरच्या किमान चार जणींनी गट करून अर्ज करावा, अशी मुभा मिळाली. पहिल्याच वर्षी हजाराहून अधिक बायका गेल्या. एका नियमातली एक ओळ बदलली, तर किती उंबरे ओलांडले जातात ते पाहा.

आता चौथी भीती आहे, गर्दीची. प्रत्येक देशाला मुस्लीम लोकसंख्येच्या हजारी एक असा कोटा असतो. २०२४ मध्ये भारताचा कोटा १,७५,०२५ होता. अर्ज जास्त आले तर सोडत निघते. मग काही लोक पर्यटनाचा किंवा भेटीचा व्हिसा घेऊन हजच्या दिवसांत मक्केत शिरू पाहतात आणि दलाल त्यांना गळ घालतात. जून २०२४ मध्ये तिथे पारा ५० अंशांच्या वर गेला. १,३०१ माणसे दगावली. त्यांतली ८३ टक्के हजचा परवाना नसलेली होती, असे सौदी सरकारने जाहीर केले. परवाना नसल्यामुळे त्यांना गार तंबू नव्हता, बस नव्हती. उन्हात मैलोन्‌मैल चालत ती माणसे गेली.

म्हणून मी कागदाला नुसता शत्रू म्हणत नाही. समुद्र विकणारा कार्ताझ आणि म्हाताऱ्याला सावलीची हमी देणारा हजचा परवाना, दोन्ही कागदच. पण पहिला माणसाकडून वसूल करतो, दुसरा माणसाची जबाबदारी घेतो. आपल्याकडे मागितल्या जाणाऱ्या प्रत्येक कागदाला आपण हाच प्रश्न विचारावा. तो कुणाची जबाबदारी घेतो? उत्तर मिळाले तर रांगेत उभे राहायला हरकत नाही. नाही मिळाले, तर ते मागण्याचा हक्क आपल्याला १९६७ पासून आहे.

एवढे झाल्यावर एक व्यवहाराची गोष्ट. घरातल्या वडीलधाऱ्यांचे नाव सगळ्या कागदांवर एकसारखे आहे का, ते या आठवड्यात पाहून ठेवा. हजला जायचे असो, चार धाम करायचे असो की दुबईच्या नातवाला भेटायचे असो. दलालाच्या हाती पैसे देण्याआधी व्हिसावर कशासाठी असे लिहिले आहे, ते कुणा शिकलेल्याकडून वाचून घ्या. आणि आपण स्वतः शिकलेले असाल, तर शेजारच्या आजीचा फॉर्म भरून द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)